भिजलेले ट्रेकिंगचे बूट कसे वाळवायचे आणि कसे वाचवायचे

पावसाळा लागला की आपल्या मराठवाड्यात गौताळा, अंतूर, वेताळवाडी, पितळखोरा, सौताडा इकडं जाणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यात पहिल्यांदाच चांगले बूट घेतलेली पोरं-पोरी बरीच असतात. रविवारी रात्री घरी आल्यावर प्रश्न एकच: बूट आतून-बाहेरून चिंब झालेत, आता काय करू? उत्तरं चहूकडून येतात. कुणी म्हणतं गच्चीवर उन्हात टाक, कुणी म्हणतं गॅसजवळ ठेव, कुणी तांदळाच्या डब्यात घालायला सांगतं. यातलं बहुतेक ऐकलं तर बूट वाळतो खरा, पण पुन्हा पायात घालण्याजोगा राहत नाही.

बरा बूट एकदा भिजल्यानं जात नाही. तो जातो वाळवायच्या घाईनं दिलेल्या उष्णतेनं, आणि आपल्याकडं आणखी एका गोष्टीनं: अंगावरच वाळू दिलेल्या काळ्या चिखलानं. या दोन गोष्टी टाळल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे जुना पेपर, पंखा आणि दोन-तीन दिवसांचा धीर.

लिहिलंय ते ट्रेकच्या बुटांसाठी, पण वाळूज-शेंद्र्याला सेफ्टी शूज घालून ड्यूटी करणाऱ्यांना आणि बूट घालून रानात फिरणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. पीव्हीसीचे गमबूट मात्र यात धरू नका. ते धुवायचे, उलटे टांगायचे, विषय संपला.

आधी सामान जमवा

- जुने वर्तमानपत्र, भरपूर. साधा खरबरीत कागद हवा. रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद पाणी ओढत नाही.
- मऊ ब्रश आणि एक जुना टूथब्रश
- बांबूची काडी किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी (चिखल काढायला)
- जुनं सुती कापड. धोतराचं किंवा पंचाचं असेल तर उत्तम.
- सौम्य शाम्पू किंवा हात धुवायचं लिक्विड
- पांढरा व्हिनेगर. किराणा दुकानात चायनीजच्या सामानाजवळ मिळतो.
- खायचा सोडा
- बिनरंगी मेणाचं बूट पॉलिश किंवा चामड्याचं कंडिशनर
- सोल सुटला असेल तर फेविकॉल एसआर ९९८, ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि सायकलची जुनी ट्यूब

हेअर ड्रायर, रूम हीटर, इस्त्री यातलं काही या यादीत नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही.

१. बूट कशाचा आहे ते ओळखा

पुढचं सगळं यावर ठरतं. ढोबळमानानं चार प्रकार येतात.

गुळगुळीत चामडं: बहुतेक सेफ्टी शूज आणि जुन्या धाटणीचे ट्रेकिंग बूट. पाण्याचा थेंब टाकला तर थोडा वेळ वर टिकतो. याला वाळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि वाळल्यावर तेल-मेण द्यावंच लागतं.

नुबुक किंवा स्वेड: मखमलीसारखं, बोट फिरवलं की रेघ उठते. वूडलँडचे बरेच बूट या जातीचे. याला साधं पॉलिश लावलं की मखमल कायमची चिकटली म्हणून समजा.

जाळीचं कापड आणि रेक्झिन: हलके ट्रेकिंग शूज बहुतेक असेच असतात. दीड-दोन दिवसांत वाळतात, तेल लागत नाही.

आत पडदा असलेले वॉटरप्रूफ बूट: गोरटेक्स किंवा तसलं काही लिहिलेलं असतं. यांची गंमत अशी की बाहेरचं पाणी आत येत नाही, पण वरून एकदा आत शिरलं की बाहेरही जात नाही. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर गेलं की वॉटरप्रूफ बूट साध्या बुटापेक्षा जास्त वेळ ओला राहतो. दुकानदार हे सांगत नाही.

२. चिखल वाळायच्या आत काढा

सह्याद्रीतल्या ट्रेकर लोकांचे सल्ले वाचाल तर ते म्हणतात, चिखल वाळू द्या, मग आपटून झटका. लाल मातीला ते चालतं. आपल्या काळ्या मातीला नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा याच गुणामुळं पडतात. बुटावर तिचा थर वाळला की तो टाक्यांत, जिभेच्या घडीत, सोलच्या कडेला दगडासारखा बसतो. आक्रसताना चामड्याचा वरचा पापुद्रा ओढतो आणि चामड्यातला ओलावाही शोषून घेतो. नंतर खरवडायला गेलात की चिखलाबरोबर रंग येतो, नुबुकची तर मखमली लवच निघते.

म्हणून गाडीत बसायच्या आधीच जमेल तेवढा चिखल काढा. डबक्याचं पाणी, ओलं गवत, काहीही चालतं. घरी आल्यावर बादलीत बुडवू नका. नळाखाली किंवा मग्यानं पाणी ओतत मऊ ब्रश फिरवा. सोलच्या खाचांमधला चिखल लाकडी काडीनं काढा. सुरी नको, स्क्रूड्रायव्हर नको.

धुवायला कपड्याची पावडर किंवा वडीचा साबण घेऊ नका. चामडं जरा आम्लधर्मी असतं आणि हे साबण अल्कधर्मी. त्यामुळं चामड्यातली चरबी निघून जाते, आणि तीच गेली तर चामडं मऊ ठेवणारं दुसरं काही उरत नाही. शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. वॉटरप्रूफ बुटांवर कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड चुकूनही नको. त्याचा थर बसला की वरचं कापड पाणी झटकायचं सोडून प्यायला लागतं.

आता एक खास आपल्याकडची अडचण. बहुतेक घरांत धुण्याला बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. गीझरची कॉइल, नळाची तोटी पांढरी पडलेली तुम्ही बघितलीच असेल. तेच क्षार बुटावर वाळले की पांढरी वळणं उमटतात. शेवटचं विसळणं पन्हाळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्यानं किंवा फिल्टरच्या पाण्यानं करा. एक-दोन तांबे पुरतात.

३. बूट पूर्ण मोकळा करा

नाड्या पूर्ण काढा. सैल करून भागत नाही. आतली गादी, म्हणजे इनसोल, ओढून बाहेर काढा. ती चिकटवलेली असेल तर टाचेकडून हळूच उचलून बघा. फाटायला लागली तर राहू द्या. जीभ जितकी पुढं येईल तितकी ओढा. बुटात सगळ्यात जास्त पाणी या दोन जागी दडतं: गादीच्या खाली आणि जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घडीत.

गादी आणि नाड्या वेगळ्या धुवा, वेगळ्या वाळवा. गादी उभी टेकवून ठेवा, दोरीवर मधोमध घडी घालून टाकू नका.

आता बूट उलटा धरून पाणी निथळू द्या आणि आतून सुती कापडानं दाबून पुसा. घासायचं नाही, टिपायचं. आतलं अस्तर ओलं असताना कच्चं असतं. टाचेपाशी एकदा उसवलं की पुढं तिथंच पायाला फोड येतो.

४. कागद भरा, आणि कागद बदला

कागद भरायचं सगळ्यांना माहीत असतं, बदलायचं बहुतेक जण विसरतात. रात्री भरलेला पेपर सकाळपर्यंत तसाच राहिला तर तो ओलं फडकं कोंबून ठेवल्यासारखाच झाला. आत ओल, वर बंद, आणि एक-दोन दिवसांत बुरशी.

पहिला कागद अर्ध्या-पाऊण तासात बदला. तो पिळला तर पाणी निघेल इतका ओला झालेला असतो. दुसरा दोन तासांनी. तिसरा झोपण्यापूर्वी. नंतर सकाळ-संध्याकाळ. कागद हाताला फक्त गार लागतो, ओला लागत नाही, असं झालं की भरणं थांबवा आणि बूट उघडा सोडा.

भरताना पुढच्या टोकापर्यंत पोचवा, पण ठासू नका. ओलं चामडं ज्या आकारात वाळतं तोच आकार धरतं. टोकाला जास्त कोंबलं तर तिथं फुगा येतो, काहीच नाही भरलं तर चवड्यापाशी चुणी पडते आणि ती चुणी नंतर नेमकी बोटांवर दाबते. पायाला जसा भरीवपणा असतो तेवढाच द्या. अस्तर पांढरं किंवा फिकं असेल तर पेपरची शाई उतरते. अशा वेळी आधी एक कोरा कागद किंवा टिश्यू गुंडाळा.

गावाकडं पेपर मिळाला नाही तर गव्हाचा कोरडा भुसा जुन्या मोज्यात भरून तो मोजा बुटात घाला. ओल छान ओढतो. सुटा भुसा घालू नका, महिनाभर पायाला टोचत राहील. तांदळाच्या डब्यात बूट घालायचा सल्ला मात्र सोडून द्या. तांदूळ कागदाइतकं पाणी ओढत नाही, आणि नंतर त्या तांदळाचं काय करायचं हेही कुणी सांगत नाही.

५. वारा द्या, ऊब देऊ नका

सगळ्यात जास्त बूट इथं मरतात, म्हणून जरा सविस्तर.

चामड्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. हळू वाळलं तर पाणी जातं, तेल बरंचसं जागेवर राहतं. पटकन तापवलं तर वरचा थर आतल्या थराच्या आधी आक्रसतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. नंतर पहिल्यांदा पाय वाकला की चवड्यावर आडवी भेग. ती भेग कोणत्याही पॉलिशनं भरत नाही. सोल चिकटवलेला डिंकही तापला की मऊ होतो, आणि ओलं चामडं त्याच वेळी आक्रसत असल्यानं सोल कडेनं सुटायला लागतो.

म्हणून हे करू नका: चुलीजवळ, गॅसच्या बाजूला, गाडीच्या बॉनेटवर, बंद कारमध्ये काचेमागं, पत्र्यावर, दुपारच्या गच्चीवर. पावसाळ्यात मध्येच निघणारं ऊन सौम्य वाटतं, पण काळा बूट सिमेंटच्या गच्चीवर ठेवला तर तासाभरात हात लावून बघा, कळेल. सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या बुटाला थोडा वेळ चालतं. चामड्याला सावलीच.

जागा अशी निवडा की बुटाला खालूनही हवा लागेल. घरात बाज असेल तर तिच्यासारखी दुसरी जागा नाही. विणीतून खालून हवा येते, वरून पंखा लावायचा, बूट आडवे टाकायचे आणि मधूनमधून कूस बदलायची. बाज नसेल तर प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटवर किंवा दोन विटांवर आडव्या काठ्या टाकून ठेवा. फरशीवर ठेवलेल्या बुटाचा सोल खालून ओलाच राहतो.

पंखा टेबलफॅन असेल तर तोंड बुटाच्या उघड्या बाजूकडं करा. आणि आता कूलर. आपल्याकडं घरोघरी कूलर आहे, आणि मोठा पंखा म्हणून लोक तोच लावतात. कूलरची हवा ओली असते. रात्रभर कूलरसमोर ठेवलेला बूट सकाळी होता तितकाच ओला मिळतो. लावायचाच असेल तर पंपाचं बटण बंद, टाकी रिकामी, गवताच्या जाळ्या कोरड्या, आणि मग नुसता पंखा. असा कूलर मात्र टेबलफॅनपेक्षा भारी काम करतो. एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत ठेवा; हवेतला दमटपणा तो ओढून घेतो.

लाईट गेली तर दारा-खिडकीच्या आरपार वाऱ्यात ठेवा. बाहेर ओट्यावर ठेवायचे तर उंचावर ठेवा. गल्लीतल्या कुत्र्यांना जोडातला नेमका एकच बूट हवा असतो.

जाळीचा बूट साधारण दीड-दोन दिवस, चामड्याचा तीन, पडद्याचा वॉटरप्रूफ बूट झडीत चार दिवसही घेतो. सोमवारी ड्यूटीवर तेच बूट लागणार असतील तर एका दिवसापुरता दुसरा जोड शोधा. ओले बूट घालून "पायातच वाळवू" हा उपाय पायांना महागात पडतो; चिखल्या याच वेळी होतात.

६. वाळला की नाही, हे हाताला कळत नाही

बाहेरून खडखडीत लागतो, आत टोकाला ओल असते. दोन खुणा खात्रीच्या आहेत.

पहिली: संध्याकाळी कोरड्या पेपरचा एक बोळा अगदी टोकाशी सरकवून ठेवा. सकाळी काढला आणि तो चुरगळल्यावर कुरकुर वाजला तर बूट वाळला. मऊ पडला असेल, वाजत नसेल तर आणखी एक दिवस.

दुसरी: वजन. बूट नवा, कोरडा असताना किराणा दुकानातल्या काट्यावर एका बुटाचं वजन करा आणि आकडा जिभेच्या मागं पेनानं लिहून ठेवा. भिजलेला बूट त्या आकड्याजवळ परत आला की समजायचं. दुकानदार पहिल्यांदा हसतो, पण करून देतो.

७. पांढरे डाग, बुरशी, वास

पांढरी वळणं दिसली तर एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी असं करून कापड ओलं करा, पिळा आणि डागावरून पुसा. मग साध्या फिल्टरच्या पाण्याच्या कापडानं पुन्हा पुसा. फक्त डाग पुसलात तर तिथं नवीन वळण उठतं. तो पूर्ण भाग, शिवणीपासून शिवणीपर्यंत पुसा.

बुरशी ही हिरवट-पांढरी भुकटी, बहुधा जिभेच्या आत आणि टाचेपाशी येते. घरात घासू नका. अंगणात नेऊन, तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशनं झटका, मग व्हिनेगरचं तेच पाणी. फारच पसरली असेल तर मेडिकलवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यानं पुसा. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी थोडं लावून बघा, काही चामड्यांचा रंग यानं उतरतो. नंतर पुन्हा पंखा. त्या जागी उरलेली ओल गेली नाही तर आठवड्यात बुरशी परत हजर.

वासाला खायचा सोडा. पूर्ण वाळलेल्या बुटात दोन चमचे टाका, हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी झटकून टाका. ओल्या बुटात टाकला तर त्याचा लगदा होतो. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्या वासावर आणखी वाईट वास चढवतात. गादीचा वास जात नसेल तर गादी बदला. बाजारात दुसरी मिळते, त्यासाठी बूट टाकायची गरज नाही.

नुबुक वाळल्यावर कडक आणि चपटा दिसतो. घाबरू नका. कोरड्या टूथब्रशनं एकाच दिशेनं, मग उलट दिशेनं घासा, लव उठते. चकाकणारा ठिपका राहिला तर शाळेतल्या पोरांच्या साध्या खोडरबरानं घासा.

८. तेल-मेण: कोणतं लावायचं, कोणतं नाही

हे फक्त गुळगुळीत चामड्यासाठी आणि फक्त पूर्ण वाळल्यावर. जरासा थंड दमटपणा उरलेला असताना चामड्याचं कंडिशनर लावलं तर छान मुरतं, पण नवशिक्यानं पूर्ण वाळेपर्यंत थांबलेलं बरं. ओलीवर मेण बसलं की ओल आत कोंडते.

घरात जे तेल आहे ते लावायचा मोह होतो. आपल्याकडं घाण्याचं करडईचं तेल असतं, कुठं जवसाचं. ही दोन्ही तेलं हवेत राहिली की चिकट होऊन वाळतात. रंग-वार्निशमध्ये ती वापरतात ते याच गुणामुळं. बुटावर लावली की काही दिवसांत चिकट पापुद्रा धरतो, त्यावर धूळ बसते, आणि तो पापुद्रा निघता निघत नाही. खोबरेल चालतं, पण चामडं काळपट करतं आणि जास्त झालं तर इतकं मऊ करतं की घोट्याला आधार राहत नाही. एरंडेल कोल्हापुरी चपलांना लावतात, बुटाच्या चामड्यालाही चालतं, फक्त अगदी बोटाच्या टोकाएवढं घेऊन हाताच्या उबेनं चोळायचं आणि अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून काढायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे बिनरंगी मेणाचं पॉलिश किंवा मधमाशीचं मेण असलेलं कंडिशनर. पातळ एक हात, रात्रभर मुरू द्या, सकाळी ब्रश, मग दुसरा पातळ हात. शिवणीवर आणि सोल जिथं चामड्याला भेटतो त्या फटीत टूथब्रशनं नीट घाला, पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं. एकदम जाड थर लावण्यात अर्थ नाही.

नुबुक, स्वेड आणि कापडाच्या बुटांना मेण नको. त्यांना पाणी झटकणारा स्प्रे मिळतो, निकवॅक्ससारखा, बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो. डबीवर काय लिहिलंय ते वाचा: पाण्यावर आधारलेले काही स्प्रे बूट थोडा ओला असतानाच मारायचे असतात.

९. सोल कडेनं सुटला असेल तर

टोकाला किंवा बाजूला बोटभर सुटला असेल तर घरी जमतं. फेविक्विक वापरू नका. ती वाळल्यावर काचेसारखी कडक होते, पाय वाकला की तडकते, आणि तिचा थर बसला की पुढं चांगला गोंदही धरत नाही. मोची लोक तर असा बूट बघितला की आधी कपाळाला हात लावतात.

बूट पूर्ण वाळलेला हवा, ही पहिली अट. फटीतली माती, जुन्या डिंकाचे पापुद्रे काढा. दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करा आणि धूळ पुसा. एसआर ९९८ दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि थांबा. लोक इथंच गडबड करतात: लावलं की लगेच दाबतात. हा गोंद दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवायचा, दमट हवेत थोडा जास्त. बोट टेकवलं तर चिकटेल पण बोटाला लागणार नाही, असं झालं की दाबायचं. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, म्हणून कड नीट जुळवून मगच दाबा.

दाबून धरायला सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि ताणून बुटाभोवती गुंडाळा. कोणत्याही शिकंज्यापेक्षा ती वाकड्या सोलवर सारखी बसते. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या. हा गोंद पेट घेतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, उदबत्ती, बिडी काही नको.

अर्ध्यापेक्षा जास्त सुटला असेल तर मोच्याकडं न्या आणि नुसतं चिकटवून घेऊ नका, कडेनं शिवून घ्या. आरीनं नायलॉनच्या मेणवलेल्या दोऱ्याचे टाके मारतात. बूट धुऊन, वाळवून न्या. चिखलाचा बूट नेलात तर ते चिकटवतील, पण चिखलावर चिकटवतील. टाके पडलेली कड नंतर मेणानं भरून घ्या, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक आहे.

१०. सोलचं पीठ झालं असेल तर पैसे घालू नका

कधीकधी बूट दिसायला नवा असतो, दोन-चार वर्षं डब्यात ठेवलेला, आणि पहिल्या पावसात सोल गळून पडतो. बसस्टँडजवळच्या एका मोच्याकडं एक जण असाच बूट घेऊन आला होता. मोच्यानं बूट हातात घेतला, सोलच्या मधल्या फोमवर अंगठ्याचं नख दाबलं, आणि फोम ओल्या खव्यासारखा त्याच्या नखात आला. "भाऊ, ह्याला गोंद लावू कशाला? धरायला सोल पाहिजे की," एवढंच म्हणून त्यानं बूट परत दिला.

हा दोष गोंदाचा नसतो. मधला फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असेल तर हवेतली ओल वर्षानुवर्षं त्याचे रासायनिक बंध तोडत राहते. न वापरताही हे होतं, आणि बंद दमट जागी ठेवला तर लवकर होतं. सेफ्टी शूजचे सोल बरेचदा पीयूचेच असतात, त्यामुळं स्टोअरमधून जुना साठा मिळाला तर नखानं दाबून बघा. ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो, त्याला हा रोग होत नाही, तो फक्त दबून चपटा होतो.

पीठ झालेल्या सोलवर कोणताही गोंद धरत नाही. पूर्ण सोल बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, पण वरचं चामडं अव्वल असेल तरच तो खर्च परवडतो. नाहीतर नाड्या, गादी काढून घ्या आणि बूट सोडा.

पुराच्या पाण्यात भिजलेले बूट

हा प्रकार वेगळा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा, तेरणा या नद्यांच्या काठी घरांत पाणी शिरलं, तेव्हा कपाटातले बूटसुद्धा त्यात गेले. असं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. गटार, गोठा, उकिरडा, फवारणीची औषधं सगळं त्यात येतं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पायाला-हाताला जखम असेल तर धोका वाढतो. रबरी हातमोजे घालूनच हे बूट धरा. गादी फेकून द्या, ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. बूट आतून-बाहेरून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, मग आतून अल्कोहोलनं पुसा. ब्लीचिंग पावडर जमिनीला ठीक, चामड्याला नाही. रंग जातो आणि शिवणीचा दोरा कुजतो. मुलांचे किंवा फोम भरलेले जाड बूट दोन-तीन दिवस घाण पाण्यात राहिले असतील तर टाकूनच द्या.

ठेवायचे कसे

प्लास्टिकच्या पिशवीत नाही. बुटांच्या मूळ खोक्यात ठेवायचे तर झाकण थोडं उघडं, किंवा कापडी पिशवीत. आत सैल कोरडा कागद आणि औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. हुकांना, लोखंडी कड्यांना मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, गंज धरत नाही. महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या, जमलं तर घालून बाजारात चक्कर मारा. पीयूचा सोल वापरात राहिला तर जास्त टिकतो.

आणि शेतात, फार्महाऊसवर किंवा तंबूबाहेर रात्रभर बूट वाळत ठेवले असतील तर सकाळी पाय घालायच्या आधी उलटे करून दोनदा आपटा, मग टॉर्च मारून टोकापर्यंत बघा. कागद भरलेला असेल तर तो हातानं ओढू नका, आधी बूट आपटा. पावसाळ्यात विंचवाला कोरडी, अंधारी जागा हवीच असते.